मामांचा प्रांत, आबांचा ओटा

लिंबगव्हाणच्या फाट्यावर लागलेला फ्लेक्स एवढा मोठा होता, की पूर्णेहून येणाऱ्या एसटीतल्या लोकांना वाटलं, कुणीतरी आमदारकीला उभं राहतंय. मधोमध सिद्धोधन मामांचा हसरा फोटो, मागं बर्फाचे डोंगर आणि खाली ठळक अक्षरांत ‘कॅनडाचे कार्यसम्राट, माजी आरोग्यमंत्री, आमच्या सरपंच रेणुकाताईंचे सख्खे मामा’. हे सगळं रेणुकाच्या नवऱ्यानं, जीवननं, पूर्णेत दुकानदाराच्या शेजारी बसून करून घेतलं होतं. मामांच्या प्रांतात डोंगर नाहीतच, नजर जाईल तिथवर सपाट गव्हाचं रान. पण बर्फ म्हटलं की डोंगर आलेच, असं जीवनचं मत होतं. तो क्वचितच मत देई, त्यामुळं दिलेल्या मताला घरात कुणी विरोध करत नसे.

त्या प्रांताचं खरं नाव गावात कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला ‘मामांचा प्रांत’ म्हणत.

मामांची कहाणी रेणुका आईच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आली होती. तिची आई सत्यशीलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. भावाचा विषय निघाला की त्यांचा आवाज आपोआप वर्गात शिकवल्यासारखा चढायचा. सिद्धोधन पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढला, परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकला, गव्हाच्या संशोधनासाठी कॅनडाला गेला आणि तिथल्या एका छोट्या गावातच राहिला. त्या गावात बर्फ काढायची गाडी आधी कोणत्या गल्लीत जावी यावरून दरवर्षी मारामारीची वेळ यायची. सिद्धोधननं सगळ्यांना एका ठिकाणी बसवून तो वाद मिटवला, म्हणून लोकांनी त्याला नगरपालिकेत धाडलं. मग प्रांताच्या विधानसभेत. मग तो आरोग्यमंत्री झाला. तेव्हा प्रांतात गावोगाव दवाखाने होते आणि एकातही धड डॉक्टर नव्हता. काही बंद करून बाकीचे मोठे करायचे, अँब्युलन्स वाढवायच्या, हाच मार्ग होता. प्रत्येक आमदार म्हणायचा, आधी दुसऱ्याच्या गावचा बंद करा.

“आन् माझ्या भावानं,” इथं सत्यशीलाबाई थांबायच्या, चष्मा नीट करायच्या, “पहिलं नाव आपल्या सोताच्या गावाचं टाकलं!”

पुढच्या निवडणुकीत त्या गावानं मामांना पाडलं. गंमत अशी, की ज्या विरोधी पक्षानं त्यांना पाडलं, त्याच पक्षाच्या सरकारनं त्यांना बोलावून साऱ्या प्रांताचा आरोग्य कारभार त्यांच्या हाती दिला. माणूस आमचा नाही, पण खोटाही नाही, असं म्हणून. निवृत्त होईपर्यंत मामांनी तो कारभार असा चालवला, की बर्फाच्या वादळातसुद्धा अडलेल्या बाईपर्यंत गाडी पोचायची. गावोगावच्या लोकांनी नंतर त्यांना मानलं, त्यांच्या गावानंही मानलं, पण जरा उशिरा.

तर असे हे मामा बऱ्याच वर्षांनी बहिणीकडं पूर्णेला आले होते, आणि रेणुकानं आपल्या सासरच्या गावात त्यांचा सत्कार ठेवला होता. हा थाट तिला सत्कारासाठी नको होता. तिला कामासाठी मामा हवे होते.

काम होतं रस्त्याचं. फाट्यापासून गावातून थेट भीमनगरापर्यंत जाणारा हा एकच रस्ता, कागदावर रुंद आणि जमिनीवर अरुंद. प्रत्येकानं त्यात थोडं थोडं घेतलं होतं. कुणाची न्हाणी पुढं आलेली, कुणाचा गोठा, कुणाच्या पायऱ्या. गेल्या पावसाळ्यात बन्सीधरची सून शिवकन्या अडली, तेव्हा अँब्युलन्स फाट्यावरच उभी राहिली. चौघांनी बाज खांद्यावर घेतली, आणि पोरगं पिठाच्या गिरणीपाशीच जन्माला आलं. दोघं सुखरूप राहिली हे नशीब. त्यानंतर रेणुकानं तालुक्याला आणि जिल्ह्याला इतके हेलपाटे घातले, की तिथले शिपाई तिला नावानं ओळखू लागले. शेवटी सिमेंट रस्ता आणि नाली मंजूर झाली. अट एकच होती. मार्चआधी अतिक्रमण काढून काम सुरू झालं पाहिजे, नाहीतर निधी परत.

आणि दोन ग्रामसभा एकाच वाक्यावर उधळल्या होत्या. “आधी त्याचं काढा.”

हे वाक्य सगळ्यात मोठ्यानं म्हणायचा बन्सीधर. मागच्या निवडणुकीत त्याचं पॅनल रेणुकानं पाडलेलं, आणि रस्त्यात सगळ्यात पुढं आलेल्या पायऱ्याही त्याच्याच. “सरपंचबाईच्या सासऱ्याचा ओटा आधी काढा,” तो म्हणायचा, “मग आमच्या पायऱ्या आमीच काढून देताव.” त्याचं बोलणं खोटं असतं तर रेणुकानं त्याला तिथंच गप्प केलं असतं. ते खरं होतं, हीच पंचाईत.

तो ओटा साधा नव्हता. रेणुकाचे सासरे सटवाजी, म्हणजे आबा, यांच्या वडलांच्या काळी भीमनगरात कुणाच्याच दारापुढं ओटा नसायचा. दगडमाती मिळत नव्हती असं नाही. वरच्या आळीचं माणूस रस्त्यानं चाललंय आणि ही माणसं उंचावर बसलीत, हे चालायचं नाही. आबांचे वडील दारात जमिनीवर बसत, आणि कुणी दिसलं की तिथूनही उठून उभे राहत. आबा कर्ते झाल्यावर त्यांनी खाणीतून काळा दगड आणला, स्वतः घडवला आणि गुडघ्याच्या वर जाईल एवढा ओटा बांधला. तो पुरा झाला त्या दिवशी वरच्या आळीतले बन्सीधरचे वडील समोरून गेले. आबांनी बसल्या जागेवरून “रामराम” घातला आणि ते उठले नाहीत. तेव्हापासून आजतागायत आबा त्या ओट्यावर होते, आणि कुणासाठीही उठले नव्हते.

आता अशा माणसाला सुनेनं जाऊन म्हणायचं काय? पंचायतीत रेणुका कुणाला भीत नव्हती. गटविकास अधिकाऱ्यापुढं टेबलावर हात आपटणारी बाई. पण या एका ओट्यापुढं तिची वाचाच बसायची. म्हणून तिनं मनाशी बेत केला, की मामा भाषणात अतिक्रमणाचं बोलतील, एवढा मोठा माणूस म्हटल्यावर गाव ऐकेल, आबाही ऐकतील, आणि आपल्याला तोंड उघडायची वेळच येणार नाही.

बेत चांगला होता. मामांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

झेंडूच्या माळा घातलेल्या उघड्या जीपमधून मामांची मिरवणूक निघाली. पुढं बँड, मागं लेकरं. बन्सीधरच्या पायऱ्यांपाशी जीप खरचटली, गोठ्यापाशी थांबून थांबून निघाली, आणि भीमनगरात आबांच्या दारात पुरती अडकली. एका अंगाला ओटा, दुसऱ्या अंगाला विजेचा खांब. ड्रायव्हर मागं घेतो, पुढं घेतो, चाक काही निघेना. बँडवाल्यांना हे मागचं काही कळलं नाही, ते वाजवत वाजवत शाळेपर्यंत गेले. रेणुकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामांनी काय करावं? चौऱ्याहत्तरीचा माणूस, जीपमधून सरळ ओट्यावर पाय टाकला आणि आबांच्या शेजारी बसला.

“जयभीम, पाव्हणं.”

“जयभीम. बसा,” आबा म्हणाले. “जीप निघायला टाइम लागंल.”

“लागू द्या. हितं बरं वाटायलंय.” मामांचं मराठी, पन्नास वर्षांपूर्वी ते पूर्णेत ठेवून गेले तसंच होतं, त्याला नवं काहीच चिकटलं नव्हतं. त्यांनी दगडावरून हात फिरवला. “कुणी घडविला?”

“मीच की.”

“सांधा लय बारीक बसविलाय.”

आबा एवढे खूश झाले, की त्यांनी मामांना तंबाखूची चंची पुढं केली. मामांनी मान हलवून ती परत दिली, मग एकदा खांबाकडं पाहिलं, एकदा जीपकडं, एकदा ओट्याकडं. त्यांना सगळं कळलं, हे रेणुकाला कळलं.

सत्कार शाळेच्या मैदानात झाला. आपल्याकडं सत्कार म्हणजे ज्याचा आहे त्याच्याआधी मंचावरच्या सगळ्यांचा, मग ज्यांनी मंच घातला त्यांचा. शाली संपल्या तेव्हा दोघांना टॉवेलवर भागवलं. भाषणागणिक मामांची बढती होत गेली. पहिल्या वक्त्यानं त्यांना मंत्री म्हटलं, दुसऱ्यानं मुख्यमंत्री, आणि तिसरा तर थेट देश सोपवायला निघाला होता, तेवढ्यात माइक बंद पडला. शेवटी मामा उठले. रेणुका पुटपुटली, “मामा, अतिक्रमणाचं बोला.”

मामा म्हणाले, “मंडळी, मी पडलेला माणूस हाय. मपल्याच गावानं मला पाडलं, आन् बरूबर पाडलं. दवाखाना त्यांचा गेला हुता, त्यांनी कामून गप बसावं? तुमी मला बोलिवलं, उपकार झाले. जेवायला उशीर व्हायलाय.” आणि खाली बसले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, जास्त करून जेवणासाठी. रेणुकाच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं, रागाचं.

पंगती चालू असताना लोक मामांना निवेदनं देऊ लागले. कुणाला घरकुल हवं होतं, कुणाच्या पोराला कॅनडात नोकरी. मामांनी एकालाही झटकलं नाही. प्रत्येकाचं पुरतं ऐकायचे, मग विचारायचे, “ह्या कामाचा जिम्मेदार हितं कोण हाय?” आणि त्या माणसाला हाक मारून दोघांना समोरासमोर बसवायचे. ग्रामसेवकाला जेवता जेवता घाम फुटला. बाजूला सत्यशीलाबाई पाहत होत्या आणि अभिमानानं जिलेबी खात होत्या.

गर्दी ओसरल्यावर शाळेच्या व्हरांड्यात रेणुकानं मामांना गाठलं.

“मामा, एक वाक्य बोलला असता तर काय बिघडलं असतं?”

“एका वाक्यानं कुणी मपली पायरी काढतंय व्हय, रेणू?”

“तुमचं ऐकलं असतं लोकांनी. तुमी सोताचा दवाखाना पहिला बंद केला. आई सगळ्या जिल्ह्याला सांगती.”

मामा हसले. “सत्यशीला सांगती ते खरंच हाय. पण अर्धं. बाकीचं तिला ठावं न्हाई. मार्गरेट त्याच दवाखान्यात नर्स हुती.”

मार्गरेट मामींना ती फोनच्या पडद्यावरच पाहत आली होती. पांढरे केस, मोठं हसू, गुडघेदुखीमुळं या खेपेला आल्या नव्हत्या. त्या नर्स होत्या एवढंच तिला ठाऊक होतं.

“मंत्रिमंडळात बोलायच्या आदी मी तिला इचारलं,” मामा सांगू लागले. “सांगितलं न्हाई, इचारलं. तिची सारी नोकरी त्या दवाखान्यात गेली हुती. गावातलं निम्मं लेकरू तिच्या हातावर जलमलेलं. मी इचारलं आन् गप बसलो. तिनं फावडं घेतलं आन् दारापुढचा बर्फ काढाय लागली. आपला झाला, शेजाऱ्याचा काढला, त्याच्या पल्याडचाबी काढला. मी खिडकीतून बघायलोय. घामाघूम होऊन आत आली, बूट काढले आन् म्हणली, आपलंच पहिलं टाक. न्हाईतर दुसऱ्याच्या दारात कोणत्या तोंडानं जाशील?”

“आन् त्या न्हाई म्हणल्या असत्या तर?”

“तर काय केलं असतं, मला आजबी सांगता येत न्हाई. पण तिला न्हाई म्हणता यावं, एवढी जागा मी ठिवली हुती. लोक म्हणतात, सिद्धोधनची हिंमत. हिंमत तिची. मी पडलो, मला दुसरी खुर्ची भेटली. ती मातर अँब्युलन्सवर गेली, बर्फात, पाय थकस्तोवर.” मामांनी गुडघ्यावरची शाल नीट केली. “तू आबाला इचारलं का?”

रेणुकाची मान खाली गेली. “न्हाई.”

“कामून?”

“न्हाई म्हणतील.”

“म्हणू दे की. ओटा त्यांचा हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणुकानं आबांना चहा नेऊन दिला आणि उंबऱ्यावर बसली. निवडणुकीच्या निकालालाही ती एवढी भ्याली नव्हती.

“आबा, एक इचारायचं हाय. रस्त्यासाठी ओटा काढू द्याल का?”

आबांनी बशी खाली ठेवली. “सरपंच इचारायली का सून?”

“सून.”

“न्हाई म्हणलो तर?”

“तर न्हाई. ग्रामसभेत सांगीन, मपल्या घरचं जमलं न्हाई, तुमाला कोणत्या तोंडानं सांगू. निधी जाईल वापस.”

आबांनी ओट्याखालच्या जमिनीकडं बोट केलं. “माझा बाप तिथं बसायचा.” एवढंच म्हणाले आणि चहा प्यायले. त्यानंतर चार दिवस त्यांनी तो विषय काढला नाही, आणि रेणुकानंही नाही. जीवन घरात चोरपावलांनी वावरत होता. रेणुकानं ग्रामसभेत काय बोलायचं ते मनात ठरवून टाकलं होतं, आणि त्या विचारानं तिला जेवण जात नव्हतं. एवढे हेलपाटे, शिवकन्येची ती बाज, सगळं आपल्याच दारात येऊन संपणार होतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि पंचायतीपुढच्या लिंबाखाली ग्रामसभा भरली. या लिंबाला एके काळी पार होता. तो ढासळून कैक वर्षं झाली होती. आबांचे वडील त्या पारावर कधी बसले नव्हते, हे तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मामा मागं, सत्यशीलाबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसले होते. त्यांना खुर्ची दिली होती, ती त्यांनी शिवकन्येला दिली.

रस्त्याचा विषय निघाला आणि बन्सीधर उठलाच. “आमचं म्हणणं तेच हाय. आधी सरपंचबाईच्या घरचा ओटा.”

रेणुका उभी राहिली. ठरवलेलं बोलायला तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात बाजूनं काठी टेकत आबा उठले. सभेत ते कधी बोलत नसत, त्यामुळं माणसं आपसूक गप्प झाली.

“ओटा घ्या,” आबा म्हणाले. “उद्याच्याला घ्या.”

कुणीतरी मागून ओरडलं, “आबा, सुनेनं दाब टाकला का काय?”

“सरपंचानं हुकूम सोडला असता, तर जेसीबीम्होरं आडवा पडलो असतो,” आबा म्हणाले. “सुनेनं इचारलं. ह्या गावात आमाला कधी कुणी काई इचारलं व्हतं का? आमच्या बापाला इचारलं व्हतं?” त्यांनी काठीनं लिंबाकडं दाखवलं. “माझी एकच अट हाय. रस्ता गावाचा, पण दगूड माझे हायेत. ते हितं आणा आन् ह्या लिंबाला पार बांधा. पयल्या दिवशी त्यावर मी बसणार. मग ज्याला बसायचं त्यानं बसावं.”

सगळ्यांचं लक्ष बन्सीधरकडं गेलं. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. खुर्चीतली त्याची सून पोराला थोपटत त्याच्याकडं एकटक पाहत होती.

“पायऱ्या उद्या निघतील,” तो म्हणाला. “मजूर मपले लावतो.”

मागं मामांनी चष्मा काढून शालीच्या टोकानं डोळे पुसले, आणि सत्यशीलाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच भावाविषयी काही न बोलता सभा संपू दिली. रेणुका आबांजवळ गेली. तिला पुष्कळ बोलायचं होतं. तिनं नुसती त्यांची काठी धरली आणि त्यांना बसायला हात दिला.

मामा फेब्रुवारीत परत गेले. पार पुरा झाला तोवर रस्त्याचं काम गिरणीपर्यंत आलं होतं. त्या सकाळी रेणुकानं मामांना फोन लावून पडदा पाराकडं फिरवला. तिकडं खिडकीबाहेर अंधार होता, आणि मामांच्या खांद्यावरून मार्गरेट मामी वाकून पाहत होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण काळा दगड दिसताच त्यांनी तोंडावर हात ठेवला. मामांनी त्यांना सगळं आधीच सांगितलं असणार.

आबा धुतलेलं धोतर नेसून पारावर बसले होते. एकटेच. गावकरी जरा दूर उभे होते, अट पाळत, किंवा लाजत. मग बन्सीधर नातवाला कडेवर घेऊन आला आणि पारासमोर थांबला.

“रामराम, सटवाजीराव.”

“जयभीम,” आबा म्हणाले. ते उठले नाहीत. अंगाखालचं उपरणं ओढून जरा बाजूला सरकले, आणि मोकळ्या झालेल्या दगडावर हातानं दोनदा थोपटलं.